पोथी वाहणाऱ्याचा वाटा

प्रार्थना करणाऱ्याला आशीर्वाद लाभतो, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु प्रार्थनेचा ग्रंथ जो नुसता वाहून आणतो, ठरल्या जागी उघडून ठेवतो आणि बाजूला होतो, त्याच्या पदरी काय पडते? आणि तो ग्रंथ त्याच्या स्वतःच्या धर्माचा नसेल, तर? प्रश्न वरवर साधा वाटतो. पण चर्मपत्रावर लिहिलेल्या एका हिब्रू पोथीने साडेसातशे वर्षे तो आपल्या उदरात जपून ठेवला आहे. त्या पोथीची कथा वाचकांसमोर ठेवावी असे आम्हांला बरेच दिवस वाटत होते. कारण तिच्या प्रवासातील सर्वांत कठीण मुक्काम एका कॅथॉलिक कॅथेड्रलमध्ये झाला आहे.

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी वर्म्स नावाचे प्राचीन शहर आहे. त्याच्या नावाने ‘वर्म्स माहझोर’ म्हणून ओळखला जाणारा हा ग्रंथ आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ‘माहझोर’ या हिब्रू शब्दाचा अर्थ चक्र. वर्षाच्या चक्राबरोबर फिरून येणाऱ्या सणांच्या आणि विशेष शब्बाथांच्या उपासनेत सिनेगॉगमध्ये म्हणावयाच्या प्रार्थना, आशीर्वचने व स्तुतिगीते त्यात असतात. वर्म्स माहझोरचे दोन खंड आहेत व ते मुळात एकमेकांचे जोडीदार नव्हते. पहिला खंड १२७२ साली पूर्ण झाला. सिम्हा बेन येहूदा नावाच्या लेखनिकाने आपले काका बारूख बेन इसहाक यांच्यासाठी तो ४४ आठवड्यांत लिहिला, अशी नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे. छापखाना निघण्यास अद्याप पावणेदोनशे वर्षे अवकाश होता. प्रत्येकाच्या हाती पुस्तक असणे शक्य नव्हते. प्रार्थना म्हणणारा पुढारी समोर ठेवलेल्या या थोरल्या ग्रंथातून वाची आणि समुदाय ऐके. समुदायाचे डोळे म्हणजे जणू तो एक ग्रंथ होता.

तो ग्रंथ देखणा आहे. एखाद्या प्रार्थनेचा पहिला शब्द पानभर पसरलेल्या मोठ्या अक्षरांत येतो. कुठे त्याभोवती दोन खांब आणि कमान उभारून प्रवेशद्वार केलेले असते. प्रार्थनेत शिरावयाचे ते त्या दारातून. पशुपक्षी आहेत, वेली आहेत. प्राचीन मंदिरासाठी प्रत्येकाने द्यावयाच्या अर्ध्या शेकेलचे स्मरण ज्या शब्बाथला करतात, त्या प्रार्थनेपाशी नाणी तोलणारा तराजू रंगवला आहे.

या पानांवरील शब्दांचा गाभा आहे ‘बराखा’, म्हणजे आशीर्वचन. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आशीर्वाद म्हटला की वडीलधाऱ्याने धाकट्याच्या मस्तकी ठेवलेला हात आपल्याला आठवतो. यहुदी बराखा वरच्या दिशेने जाते. भाकर मोडताना, द्राक्षारस घेताना, पहाटे जागे होताना माणूस देवालाच धन्य म्हणतो. ही रीत आपल्याला परकी नाही. व्हॅटिकन परिषदेनंतर १९७० साली आलेल्या मिस्सा ग्रंथात भाकर आणि द्राक्षारस अर्पण करताना धर्मगुरू ज्या प्रार्थना म्हणतात, त्या याच यहुदी आशीर्वचनांच्या घडणीच्या आहेत. रविवारी आपण त्यांना उत्तर देतो, तेव्हा आपल्या ओठांवर येशूच्या घरातील जेवणाची प्रार्थना असते. नाझरेथच्या सिनेगॉगमध्ये उभे राहून ग्रंथपट उलगडणारा प्रभू याच प्रार्थनांवर वाढला होता.

आता त्या पोथीतील एका विशेष जागेकडे वळू. वल्हांडण सणाच्या पहिल्या दिवशी दवासाठी प्रार्थना करण्याची प्रथा आहे. पवित्र भूमीत पावसाळा सरतो, पुढचे महिने पिकांनी दवावर तग धरावयाचा असतो, म्हणून ही याचना. या प्रार्थनेतील एक शब्द लेखनिकाने मोठ्या, आतून पोकळ अक्षरांत काढला आहे. त्या अक्षरांच्या पोकळीत बारीक अक्षरांत एक यमकबद्ध ओळ आहे. लिपी हिब्रू असली तरी भाषा हिब्रू नाही. ती यिद्दिश आहे, म्हणजे त्या लोकांची घरात, बाजारात, स्वयंपाकघरात बोलावयाची भाषा. हा माहझोर जो कोणी सिनेगॉगमध्ये वाहून नेईल त्याला चांगला दिवस लाभो, एवढाच त्या ओळीचा भावार्थ. कालनिर्देश असलेले यिद्दिश भाषेतील सर्वांत जुने उपलब्ध वाक्य म्हणून विद्वान आज या ओळीचा गौरव करतात. सिम्हाच्या मनात भाषेचा इतिहास नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस होता, ज्याच्या हातांना त्या ग्रंथाचे वजन कळणार होते.

देवाला धन्य म्हणणाऱ्या प्रार्थनेच्या अक्षरात हमालाला दिलेला आशीर्वाद! आणि तो पवित्र भाषेत नव्हे तर त्या हमालाला कळेल अशा भाषेत. आपल्या मराठीनेही हिब्रूच्या शेजारी असा संसार केला आहे. कोकणातील बेने इस्रायल समाज, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणत, आपल्या सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत आला. वल्हांडणाच्या रात्री घरी वाचावयाचा हग्गादा ग्रंथ त्यांच्यासाठी १८४६ साली मुंबईत हिब्रू आणि मराठीत शिळाछापाने निघाला. १८७४ साली पुण्यात निघालेल्या सचित्र हग्गाद्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. देवाची भाषा आणि घराची भाषा एकाच पानावर बसू शकतात, हे त्या चित्रकाराला कोणी शिकवावे लागले नसावे. लॅटिनमधून मराठीत आलेली मिस्सा ज्यांनी प्रथम ऐकली, त्या आपल्या वडीलधाऱ्यांनाही हे समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि या सजावटीला त्या काळीच एका थोर माणसाचा आक्षेप होता, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. रोथेनबुर्गचे रब्बी मेइर हे तेराव्या शतकातील जर्मन यहुद्यांचे सर्वश्रेष्ठ धर्मशास्त्री. प्रार्थनाग्रंथांत पशुपक्ष्यांची चित्रे काढावीत काय, असे त्यांना विचारण्यात आले. सपाट रंगांची चित्रे म्हणजे मूर्ती नव्हेत, तेव्हा आज्ञेचा भंग होत नाही, असे त्यांनी सांगितले. परंतु असे करणारे बरे करीत नाहीत, हेही सांगितले. कारण चित्रांकडे पाहता पाहता माणसाचे मन स्वर्गीय पित्याकडे लागत नाही. आपल्याकडे संत बर्नार्ड यांनी दीडशे वर्षे आधी मठांतील कोरीव श्वापदांविषयी हीच तक्रार केली होती. धर्मग्रंथ वाचण्याऐवजी साधू दगड वाचीत बसतील, ही त्यांची एक भीती. चर्चच्या भिंती झळकतात आणि गरीब उपाशी राहतात, हा त्यांचा दुसरा आणि अधिक बोचरा सवाल. एक रब्बी आणि एक मठाधिपती, परस्परांना न भेटता, एकाच ठिकाणी बोट ठेवतात.

दुसऱ्या बाजूलाही बळकट परंपरा आहे. तांबडा समुद्र ओलांडल्यावर इस्राएलने गायिलेल्या गीतातील एका शब्दावरून प्राचीन रब्बींनी असा अर्थ काढला की देवाची आज्ञा नुसती पाळू नये, ती सुंदर करून पाळावी. मग खरे कोणाचे? आम्हांला वाटते, सिम्हाच्या त्या छोट्या ओळीत या वादाचे एक उत्तर दडलेले आहे. जी सजावट पाहणाऱ्याच्या डोळ्यांपाशीच थांबते, ती रब्बी मेइर म्हणतात तशी प्रार्थनेतील अडथळा ठरते. जी सजावट आपल्या अक्षराच्या पोकळीत एका श्रमिकासाठी जागा राखते, ती मात्र स्वतःच प्रार्थना होते. सौंदर्याची कसोटी सोन्याच्या वर्खात नाही, त्यात दुसऱ्यासाठी जागा आहे की नाही, यात आहे. संत बर्नार्ड यांचा गरिबांविषयीचा सवालही अखेर हाच नव्हता काय?

नियतीचा विचित्र न्याय असा की रब्बी मेइर यांचा देह त्याच वर्म्स शहरात विसावला आहे. जर्मन राजा रुडॉल्फ याने १२८६ साली त्यांना कैद केले. खंडणी घेऊन त्यांना सोडण्याची तयारी होती. पण एकदा पैसे मोजले की राज्यकर्त्यांना धर्मगुरूंना धरून ठेवण्याची चटकच लागेल, म्हणून त्यांनी सुटका नाकारली असे परंपरा सांगते. १२९३ साली ते तुरुंगातच वारले. देहसुद्धा खंडणीवाचून मिळेना. अखेर १३०७ साली अलेक्झांडर विम्पफेन नावाच्या गृहस्थाने आपले द्रव्य ओतून तो सोडवला आणि वर्म्सच्या दफनभूमीत आणला. बदल्यात त्याने एवढेच मागितले की आपल्याला त्यांच्या शेजारी पुरावे. दोन्ही कबरी आजही शेजारी शेजारी आहेत. हाही एक वाहणाराच. ज्या पुरुषाच्या विद्वत्तेची उंची तो गाठू शकत नव्हता, त्याचे ओझे त्याने उचलले आणि त्याच्या शेजारची जागा मिळवली.

येथवरची कथा सांगताना आमची लेखणी अडखळली नाही. यापुढची सांगताना अडखळते. कारण या ग्रंथाला आणि तो वाचणाऱ्यांना धोका कोणाकडून होता, हे सांगणे भाग आहे. १०९६ च्या मे महिन्यात पहिल्या क्रूसयुद्धास निघालेल्या जमावाने वर्म्सच्या यहुद्यांची कत्तल केली. काहींना बिशपांनी आपल्या वाड्यात आसरा दिला होता; आठवड्याभरात तेथेही शिरून त्यांना मारण्यात आले. मारणाऱ्यांच्या अंगरख्यावर क्रूस होता. पुढे १२९८ साली, पवित्र ख्रिस्तशरीराची विटंबना केल्याचा खोटा आरोप ठेवून दक्षिण जर्मनीतील गावोगावचे यहुदी मारले गेले. ज्या व्युर्त्सबुर्ग शहरात आपला हा ग्रंथ लिहिला गेला असे अभ्यासक मानतात, तेथेच शेकडो लोक मृत्युमुखी पडले. तेव्हा ग्रंथाचे वय अवघे २६ वर्षांचे होते. ज्या मिस्सेत आपण बराखाच्या घडणीची प्रार्थना म्हणतो, त्याच मिस्सेतील ख्रिस्तशरीराचे नाव घेऊन हे झाले. संत बर्नार्ड यांनी ११४६ साली ऱ्हाईनकाठी जाऊन यहुद्यांवर हात टाकण्यास चिथावणाऱ्या एका साधूला आवर घातला आणि त्याबद्दल हिब्रू इतिवृत्तात त्यांचे नाव आदराने आले, हे खरे आहे. पण असा एक माणूस आठवून बाकीचे विसरणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

कालांतराने ग्रंथ वर्म्सच्या समाजाकडे आला आणि तेथील सिनेगॉगमध्ये विसाव्या शतकापर्यंत वापरात राहिला. मग १९३८ चा नोव्हेंबर उजाडला. नाझींनी जर्मनीभर सिनेगॉग पेटवले, त्यात १०३४ साली प्रथम उभारलेले वर्म्सचे सिनेगॉगही जळाले. समाजाचे दप्तर आणि हे ग्रंथ गेस्टापोच्या कचाट्यात सापडले. त्या वेळी शहराच्या अभिलेखागाराचे प्रमुख होते डॉ. फ्रीड्रिख इलर्ट. त्यांनी खटपट करून हा ठेवा आपल्या ताब्यात मिळवला आणि वर्म्सच्या सेंट पीटर कॅथेड्रलमध्ये दडवून ठेवला. १९४५ च्या आरंभी बॉम्बहल्ल्यांत शहर उद्ध्वस्त झाले, कॅथेड्रललाही झळ पोहोचली, ग्रंथ वाचला. ज्या शहरात क्रूस मिरवणाऱ्यांनी यहुद्यांना मारले होते, त्याच शहरात क्रूसाच्या छायेखाली त्यांचा प्रार्थनाग्रंथ तगला.

येथे थांबून समाधानाचा सुस्कारा टाकावा असा मोह होतो. आम्हांलाही झाला. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. १९४२ साली वर्म्समध्ये उरलेल्या यहुद्यांना गाड्यांत भरून पूर्वेकडे पाठवण्यात आले. चर्मपत्रासाठी कॅथेड्रलमध्ये जागा होती; त्या माणसांसाठी शहरात कोणत्या घराचे दार उघडले? पोथी वाचली आणि ती वाचणारे गेले. अशा वेळी पोथी वाचवल्याचे पुण्य मिरवणे म्हणजे प्रेताच्या बोटातील अंगठी जपल्याचा अभिमान बाळगणे नव्हे काय?

प्रश्न कठोर आहे आणि त्याला अर्धे उत्तर देऊन सुटता येणार नाही. एक खरे की ग्रंथ माणसाची भरपाई करू शकत नाही. हजारो पोथ्या एका लेकराच्या बरोबरीच्या नाहीत, हे त्या पोथ्या लिहिणाऱ्यांनीच प्रथम सांगितले असते; कारण त्यांच्या धर्मशास्त्रात प्राण वाचवण्यासाठी शब्बाथही मोडावा लागतो. पण म्हणून ग्रंथ वाचवणे निरर्थक ठरत नाही. जे लोक मारले गेले त्यांना मारणाऱ्यांची इच्छा एवढीच नव्हती की ते मरावेत. ते कधी होते याची खूणही राहू नये, अशी होती. त्यांची प्रार्थना राखणे म्हणजे त्या दुसऱ्या हत्येला नकार देणे. डॉ. इलर्ट यांच्या अंतःकरणाचा निवाडा आपण करू नये. एका माणसाने आपल्या हाताशी असलेले काम केले, एवढे आपल्यासमोर आहे. आपल्यापुरता प्रश्न उरतो तो असा, की आपल्या हाताशी असलेले काम कोणते, आणि ते माणसांचे असताना आपण पोथ्यांवर समाधान तर मानीत नाही ना?

कथेचा शेवट बोध घेण्यासारखा आहे. युद्धानंतर हे ग्रंथ वर्म्समध्येच राहावेत अशी शहराची इच्छा होती. ती समजण्यासारखी आहे; ज्याने संकटात सांभाळले त्याचा जीव गुंततो. परंतु ज्यांचे ते ग्रंथ होते, त्यांचे जे लोक उरले ते आता अन्यत्र होते. बऱ्याच वाटाघाटींनंतर १९५७ साली माहझोर जेरुसलेमला गेला. वर्म्सचे सिनेगॉग पुन्हा बांधून १९६१ साली उपासनेसाठी उघडण्यात आले, तेव्हा तेथे जुना समाज जवळजवळ उरलाच नव्हता. वाहणारा मालक नसतो. ओझे उचलण्याइतकेच ते योग्य हातांत ठेवणे हे त्याचे कर्तव्य, आणि कधी कधी उचलण्यापेक्षा ठेवणेच जड जाते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्याची प्रार्थना वाहणाऱ्याला तिच्यातील वाटा मिळतो काय? सिम्हाच्या ओळीने उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. तिने वाहणाऱ्याचे नाव विचारले नाही, कुळ विचारले नाही, धर्मही विचारला नाही. जो कोणी वाहील, तो. आम्ही त्याला नम्रपणे दोन अटी जोडू. वाहिलेले त्याने परत करावे, ही पहिली. आणि जे वाहिले त्याच्या आड, जे वाहावयाचे राहून गेले ते झाकू नये, ही दुसरी.

आपल्या ख्रिस्तसभेने या दोन्ही अटींच्या दिशेने पावले टाकली आहेत. गुड फ्रायडेच्या उपासनेत यहुद्यांसाठी असलेल्या प्रार्थनेतून त्यांना हिणवणारा शब्द पोप जॉन तेविसावे यांनी १९५९ साली काढला. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने प्रभूच्या मरणाचा दोष सरसकट यहुदी लोकांवर ठेवण्याचे नाकारले आणि द्वेषाचा धिक्कार केला. शतकानुशतके ज्यांच्या प्रार्थनेचे ऋण आपण वाहत होतो, ते ऋण होते हे मान्य करण्यास एवढा काळ लागला. पण परिषदेचे कागद रोममध्ये असतात. शेजारी आपल्या गल्लीत असतात. दुसऱ्या धर्माच्या मनुष्याची पवित्र वस्तू आपल्या हाती आली तर आपण ती कशी धरतो, त्याच्या सणाविषयी घरात मुलांसमोर कसे बोलतो, यात त्या कागदांची परीक्षा आहे.

आणि आपल्या स्वतःच्या चर्चमध्येही वाहणारे पुष्कळ आहेत. मिस्सेपूर्वी वाचनग्रंथ ठिकाणावर ठेवणारा सेवेकरी, वेदीवरील वस्त्रे धुऊन इस्त्री करणारी माउली, पावसात घंटा वाजवण्यास येणारा म्हातारा, गायनवृंदाच्या वह्या गोळा करणारा पोरगा. प्रार्थना आपण म्हणतो आणि तिचे वजन ते उचलतात. आपल्या उपासनेच्या सुंदर अक्षरांत त्यांच्यासाठी पोकळी ठेवलेली आहे काय?

जेरुसलेमच्या ग्रंथालयाने आता या पोथीची पाने संगणकावर सर्वांसाठी खुली केली आहेत. दवाच्या प्रार्थनेचे ते पान आम्ही बराच वेळ पाहत बसलो. अक्षरे आम्हांला वाचता येत नव्हती. तरी त्या पोकळीतील बारीक ओळ दिसली. १२७२ पासून ती तेथे वाट पाहत आहे: कत्तलींतून, आगीतून, कॅथेड्रलच्या अंधारातून. कोणीतरी येईल, ग्रंथ उचलील, आणि त्या दिवशी त्याचा दिवस चांगला जाईल.